गढूळ पाणी आणि पोवळ्याची साक्ष

आपल्याकडे पोवळें म्हटलें कीं प्रथम डोळ्यांपुढें येतो तो तांबडा मणी. मंगळाचें रत्न म्हणून तो अंगठींत बसतो, वैद्य त्याचें भस्म करतात, आणि जुन्या घरांत आजीच्या डब्यांत पोवळ्यांची एखादी माळ हटकून सांपडते. हें तांबडें पोवळें भूमध्य समुद्राच्या मंद उजेडाच्या पाण्यांतून येतें. त्याचें एक चुलतघराणें उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत नांदतें. तें दागिन्याच्या उपयोगाचें नाहीं; पण चुन्याचे प्रचंड खडक रचण्याचें त्याचें काम लक्षावधि वर्षें चालू आहे. या दुसऱ्या घराण्याची एक हकीकत इतिहासाच्या अभ्यासकानें मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. माणसांनीं ज्या गोष्टीचा कागद ठेवला नाहीं, तिचा कागद या मुक्या प्राण्यानें ठेवला होता, आणि तो २००३ सालीं जगापुढें वाचला गेला.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस क्वीन्सलँड प्रांताच्या किनाऱ्याला धरून सुमारें २,३०० किलोमीटर लांब अशी प्रवाळखडकांची रांग आहे. तिला ग्रेट बॅरियर रीफ म्हणतात. नांवावरून वाटतें तशी ती एक अखंड भिंत नव्हे. लहानमोठे मिळून सुमारें २,९०० निरनिराळे खडक आहेत. ते रचणारे प्राणी म्हणजे मऊ शरीराचे, बहुधा वाटाण्याहूनही लहान असे जीव. प्रत्येक जीव आपल्या बुडाखालीं चुन्याची बैठक घालतो, तिच्यावर आणखी एक थर चढवितो, आणि असे हजारों जीव एकमेकांस चिकटून एक पोवळें होतें. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म शेवाळ भाडेकऱ्यासारखें राहतें. शेवाळ सूर्यप्रकाशाच्या बळावर अन्न तयार करतें व त्यांतील मोठा वांटा घरमालकाला भाड्यादाखल देतें. उजेड कमी झाला कीं भाडें थकतें, आणि भाडें थकलें कीं घरमालकाची उपासमार सुरू होते. पोवळ्याला स्वच्छ पाणी लागतें याचें मूळ येथें आहे.

ही गोष्ट अगदीं नवी नव्हे. चार्ल्स डार्विनचा प्रवाळखडकांवरील ग्रंथ १८४२ सालीं प्रसिद्ध झाला. बेटांभोंवतालच्या खडकांत ज्या फटी असतात त्या बहुधा दऱ्यांच्या मुखांसमोर असतात, हें त्यानें त्यांत टिपलें आहे. दरींतून गोडें पाणी व गाळ येतो, आणि तेथें पोवळें वाढत नाहीं, असा त्याचा अर्थ. परंतु डार्विनपुढें जो गाळ होता तो निसर्गानें हजारों वर्षें ठराविक वाटेनें आणलेला होता. माणसानें एका पिढींत नदीचा गाळ कित्येक पट वाढविला तर काय होईल, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिला नव्हता.

तो प्रश्न जेथें उभा राहिला ती नदी म्हणजे बर्डेकिन. तिचें खोरें सुमारें १,३०,००० चौरस किलोमीटरांचें, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या दोनपंचमांशांहून थोडें अधिकच आहे. नदी मोठी लहरी. कांहीं वर्षीं पात्रांत वाळूच वाळू. आणि एखाद्या वर्षीं उन्हाळी वादळाचा पाऊस झाला कीं समुद्र गोडा करून टाकील असा पूर. दक्षिण गोलार्धांत असल्यामुळें तेथील पावसाळा डिसेंबर ते एप्रिल असा पडतो. १८४५ सालीं लुडविग लाइखहार्ट हा जर्मन संशोधक आपल्या मंडळीसह या नदीच्या काठीं पोंचला, आणि मोहिमेला मदत करणाऱ्या सिडनीच्या एका बाईंचें नांव त्यानें तिला दिलें. नदीला त्यापूर्वीं नांव नव्हतें असें मात्र नव्हे. तिच्या काठीं हजारों वर्षें माणसें राहत होतीं आणि त्यांच्या भाषांत तिला नांवें होतीं. नकाशा करणाऱ्यानें तीं विचारलीं नाहींत, इतकेंच.

या मूळच्या रहिवाशांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. १८४६ सालीं 'पेरुव्हियन' नांवाचें जहाज सिडनीहून चीनकडे जात असतां एका प्रवाळखडकावर आपटून फुटलें. तराफ्यावरून कित्येक आठवड्यांनीं जे थोडे जीव किनाऱ्यास लागले, त्यांपैकीं जेम्स मॉरिल हा इंग्रज खलाशी शेवटीं एकटाच उरला. काठच्या लोकांनीं त्याला आपल्यांत घेतलें व पोसलें. सतरा वर्षें तो त्यांची भाषा बोलत आणि त्यांच्याबरोबर मासे व कंद खात राहिला. १८६३ च्या जानेवारींत तो बर्डेकिनच्या खोऱ्यांतील गोऱ्या मेंढपाळांच्या झोंपडीपाशीं प्रकट झाला, तेव्हां त्याला स्वतःची मातृभाषा जेमतेम आठवत होती. परत येतांना त्यानें ज्यांचें अन्न खाल्लें त्यांचा एक निरोप आणला होता. नदीच्या दक्षिणेकडील सर्व भूमि गोऱ्यांनीं घ्यावी. पण उत्तरेकडील, निदान समुद्राकाठची पाणथळ जमीन, जेथें आम्ही मासेमारीवर जगतों, तेवढी आमच्याकडे राहूं द्यावी, असा त्याचा आशय होता. मॉरिलनें आपली हकीकत छापविली, तींत ही विनवणीही आहे. तिचा उपयोग कांहीं झाला नाहीं. १८६५ सालीं मॉरिल वारला, आणि त्याच सुमारास नदीच्या उत्तरेस टाउन्सव्हिल हें बंदर उभें राहिलें. खोऱ्याची जुनी स्थिति डोळ्यांनीं पाहिलेला व लिहितें जग जाणणारा एकमेव साक्षीदार अशा रीतीनें नाहींसा झाला. जे दुसरे साक्षीदार होते त्यांना हांकलून दिलें गेलें, कित्येकांना ठार मारलें गेलें. त्यांचें म्हणणें विचारतो कोण?

बर्डेकिनचें खोरें वसाहतीस खुलें झालें तें १८६१ सालीं. त्याच वर्षीं किनाऱ्यावर बोवेन हें गांव बसलें. दक्षिणेकडून मेंढरांचे कळप पायीं हांकीत आणले गेले. मेंढरांना ती भूमि मानवली नाहीं. तेथें जें गवत माजतें तें आपल्या माळावरचें कुसळी गवतच होय; वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेंही जात तीच. आपल्या शेतकऱ्याचें धोतर जें कुसळ सोडीत नाहीं, तें मेंढीच्या लोंकरींत शिरून कातडीपर्यंत पोंचतें. थोड्याच वर्षांत मेंढरें गेलीं आणि गुरें आलीं. पाठोपाठ सोनें सांपडलें: १८६८ सालीं रेव्हन्सवुडला, १८७१ सालीं चार्टर्स टॉवर्सला. खाणींसाठीं झाडें तुटलीं, ओढ्यांची वाळू चाळून काढण्यांत आली.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ऑस्ट्रेलिया खंडांत युरोपीय लोक येण्यापूर्वीं खुरांचें जनावर नव्हतेंच. कांगारूचा पाय मऊ असतो. त्या जमिनीनें खुर प्रथमच पाहिला. गुरांनीं गवत मुळापर्यंत खाल्लें, पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटा तुडवून घट्ट केल्या, नदीचे कांठ ढांसळविले. गुरांची पायवाट दोनचार पावसाळ्यांत कशी ओहोळ होते, आणि ओहोळाची घळ कशी होते, हें आपल्याकडील कोणत्याही खेड्यांत पाहावयास मिळतें. आजच्या मोजणीवरून असें दिसतें कीं बर्डेकिनच्या बारीक गाळाचा मोठा भाग अशा घळींतून व पडक्या कांठांतूनच येतो. त्यांत बोवेन याच नांवाच्या उपनदीचें खोरें आघाडीवर आहे. १९८७ सालीं बर्डेकिनवर मोठें धरण पुरें झालें आणि कांहीं गाळ तेथें अडूं लागला; परंतु बोवेन नदी मिळते ती धरणाच्या खालीं. सर्वांत गढूळ पाणी धरणाला चुकवून समुद्रास जातें.

समुद्रांत शिरल्यावर या गाळाचें काय होतें? पावसाळ्यांत घरीं गढूळ पाणी आलें म्हणजे त्यांत तुरटी फिरवितात. मातीचे कण एकमेकांस चिकटतात आणि तळाशीं बसतात. समुद्राचें खारें पाणी हेंच काम करतें. जड गाळ मुखापासून थोड्याच अंतरावर खालीं बसतो. अगदीं बारीक कण मात्र पुराच्या गोड्या पाण्याबरोबर पुढें जातात, आणि आग्नेयेकडून वाहणारे वारे व पृथ्वीचें फिरणें यांमुळें तो तांबूस पट्टा किनाऱ्यालगत उत्तरेकडे वळतो. तेथें मॅग्नेटिक बेट आहे, त्यापुढें पाम बेटांचा समूह, आणि त्या बेटांभोंवतीं पोवळीं आहेत.

या पोवळ्यांचें आरोग्य बिघडत आहे काय, हा प्रश्न प्रथम गाळामुळें नव्हे, वादळामुळें निघाला. क्वीन्सलँडचे मत्स्यव्यवसाय-आयुक्त विल्यम सॅव्हिल-केंट यांनीं बोवेनजवळील स्टोन बेटापाशीं ओहोटीच्या वेळीं उघड्या पडलेल्या पोवळ्यांचीं छायाचित्रें घेतलीं व १८९३ च्या आपल्या ग्रंथांत छापलीं. फुलांच्या ताटव्यासारखी दाट वस्ती त्यांत दिसते. १९१८ च्या जानेवारींत मकाय शहरावर भयंकर वादळ आलें, पाऊस कोसळला, आणि स्टोन बेटावरील तें सारें वैभव गेलें. १९२५ सालीं चार्ल्स हेडली यांनीं या नाशाचें वर्णन केलें, आणि दोष मुख्यतः गोड्या पाण्याला दिला. तो निर्णय योग्यच होता. पुढें १९९० नंतर अभ्यासकांनीं त्याच जागेवरून पुन्हां छायाचित्रें घेतलीं, तेव्हां तेथें ओसाड पट्टा आढळला. उलट, जवळपासच जिवंत पोवळीं आहेत असें इतरांनीं दाखविलें. जुन्या छायाचित्रांवरून निकाल देणें किती कठीण आहे हें यावरून कळतें. वादी व प्रतिवादी दोघेही तेंच चित्र पुढें करतात.

१९२८-२९ सालीं मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखालीं एक ब्रिटिश शास्त्रीय मोहीम लो आइल्स या बेटांवर वर्षभर राहिली. तींत शीना मार्शल या विदुषी आणि अँड्र्यू ऑर यांनीं गाळाचा प्रश्न प्रयोगानें हातीं घेतला. खडकावर ठिकठिकाणीं बरण्या ठेवून किती गाळ बसतो तें मोजलें, आणि जिवंत पोवळ्यांवर मुद्दाम वाळू व चिखल टाकून पाहिला. पोवळें स्वस्थ बसत नाहीं असें आढळलें. त्याच्या अंगावर सूक्ष्म केसांची लव असते. ती हालवून, आणि चिकट बुळबुळीत स्राव सोडून, तें अंगावरची घाण झाडून टाकतें. कांहीं जाती या कामांत पटाईत, कांहीं दुबळ्या. पूर्णपणें गाडलें गेलेलें पोवळें मात्र वांचत नाहीं. हे प्रयोग उत्तम होते. पण त्यांवरून पोवळें गाळाला पुरून उरतें असा जो दिलासा घेतां येई तो अपुरा होता. अंगण एकदां झाडणें निराळें आणि वर्षानुवर्षें रोज झाडीत राहणें निराळें. स्राव तयार करण्यास अन्न खर्ची पडतें. आणि ज्या गढूळ पाण्यामुळें झाडण्याचें काम वाढतें, त्याच पाण्यामुळें उजेड कमी होऊन अन्नाची आवक घटते. शिवाय सगळा गाळ सारखा नसतो. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं कुजकट द्रव्य मिसळलेला बारीक गाळ पातळ थरानें जरी बसला तरी त्यांतील जंतु प्राणवायु संपवून टाकतात, थराखालचें पाणी आम्ल होतें, आणि एका दिवसाच्या आंत पोवळ्याचें अंग जागोजाग मरूं लागतें. पुढें सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायु उरलेलें काम करतो.

तथापि हें सर्व झालें वैद्याचें निदान. इतिहासाचा प्रश्न निराळा होता: नदी पूर्वींपासून अशीच गढूळ होती, कीं गुरांनीं ती गढूळ केली? नदी मुळांतच गढूळ, असें म्हणणारे पुष्कळ होते, आणि त्यांना खोटें पाडणारा पुरावा नव्हता. एकोणिसाव्या शतकांत पाण्यांत किती माती वाहते हें मोजून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाहीं.

पुरावा समुद्राच्या तळाशीं होता. पोराइट्स नांवाचें एक पोवळें असतें; त्याच्याच कुळांतील पोवळीं आपल्या सिंधुदुर्गाच्या आसपासही आढळतात. क्वीन्सलँडच्या समुद्रांत तें मोठ्या गोल धोंड्यासारखें वाढतें, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर, आणि शतकानुशतकें जगतें. झाडाच्या खोडांत जशीं वर्षांचीं वलयें, तसे याच्या चुन्यांत दाट व विरळ थर असतात. क्ष-किरणांनीं ते दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष, ही खूणगांठ १९७२ सालीं पक्की झाली, आणि तीही विलक्षण रीतीनें. पॅसिफिक महासागरांतील एनिवेटोक येथें अमेरिकेनें अणुबाँबचे स्फोट केले होते. त्यांचा किरणोत्सर्गी अंश तेथील पोवळ्यांच्या थरांत अडकला होता. स्फोटांच्या तारखा ठाऊक असल्यामुळें थर मोजून पडताळा घेतां आला. पुढें १९८४ सालीं पीटर इस्डेल या ऑस्ट्रेलियन संशोधकानें दाखविलें कीं जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरणांत किनाऱ्याजवळच्या पोवळ्यांचे कांहीं थर पिंवळट हिरवे चमकतात, आणि त्या चमकत्या रेषा बर्डेकिनच्या पुराच्या वर्षांशीं जुळतात. रोजकीर्दींत तारीख सांपडली, पुराची नोंद सांपडली. गाळाची रक्कम तेवढी सांपडावयाची होती.

ती माल्कम मॅक्कलक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढली. पाम बेटांपैकीं हॅव्हाना बेटाजवळील पोराइट्सांत पोकळ गिरमिट घालून त्यांनीं लांब नळकांडीसारखा गाभा बाहेर काढला. त्यांत सुमारें १७५० पासून १९९८ पर्यंतचीं वर्षें ओळीनें लागलीं होतीं. मातीच्या बारीक कणांना बेरियम नांवाचा धातु चिकटलेला असतो. कण खाऱ्या पाण्यांत शिरले कीं तो सुटून पाण्यांत विरघळतो, आणि पोवळें चुना घालतांना कॅल्शियमच्या जागीं थोडा बेरियम घेतें. गाळ जास्त तर बेरियम जास्त. वर्षावर्षाच्या थरांतील बेरियम त्यांनीं मोजला. १८७० पूर्वींच्या सव्वाशे वर्षांतही मोठे पूर आलेले आहेत. चमकत्या रेषा त्याची साक्ष देतात. पण त्या रेषांसमोर बेरियम फारसा वाढत नाहीं. पूर येत होता, गाळ क्वचितच इतक्या दूर पोंचत होता. सुमारें १८७० पासून मात्र पुराबरोबर बेरियमही उसळी घेऊं लागतो, आणि त्यावरून नदीचा गाळ पांच ते दहा पट वाढला असा हिशेब निघाला. दीर्घ अवर्षणानंतरचा जो पहिला पूर, त्याची उसळी सर्वांत उंच. कारण त्या वेळीं जमीन उघडी असते. मॉरिल परत आला १८६३ सालीं, आणि पोवळ्याच्या वहींत खुरांची नोंद पडली ती त्यानंतर दहा वर्षांच्या आंत.

या साक्षीची उलटतपासणीही झाली पाहिजे. बेरियम म्हणजे गाळ नव्हे. ती गाळाची सावली आहे, आणि सावलीवरून उंची मोजतांना चूक होऊं शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर हजारों वर्षांचा चिखल आधींच सांचलेला आहे. वारा सुटला कीं लाटा तोच ढवळून पाणी गढूळ करतात. त्यांत नदीनें नवीन मूठभर टाकल्यानें असा काय फरक पडणार, असा मुद्दा १९९९ सालीं कांहीं भूशास्त्रज्ञांनीं मांडला. त्यावर पुढें प्रत्यक्ष मोजणी झाली. मोठ्या पुरानंतर पाणी निवळण्यास दिवस नव्हे, महिने लागतात, आणि तितके महिने उजेड कमी राहतो, असें आढळलें. नवा बारीक गाळ हलका व कुजकट द्रव्यांनीं युक्त असतो. तो वारंवार उठतो. तेव्हां आक्षेप अगदींच फोल नसला तरी त्यानें नदी निर्दोष सुटत नाहीं.

आणि पोवळ्यांवर परिणाम काय झाला? पाम बेटांपैकींच पेलोरस या बेटाच्या पश्चिम बाजूस जॉर्ज रॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तळांतील मेलेल्या पोवळ्यांचे तुकडे काढून त्यांचें वय ठरविलें. त्यांचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. फांद्यांच्या ॲक्रोपोरा जातीचें जें वन तेथें पूर्वीं होतें, तें १९२० ते १९५५ या काळांत कोसळलें. वादळानें पोवळीं मरणें हें त्या समुद्राला नवें नाहीं. तीं मरत आणि पुन्हां उगवत. या वेळीं तें वन पुन्हां उगवलें नाहीं. पोवळ्याचीं पिलें पाण्यांत तरंगत येतात आणि स्वच्छ, टणक जागा पाहून बसतात. खडकावर चिखलाची साय असली कीं त्यांना बसावयास जागा नसते. गाळाचा खरा घाव म्हाताऱ्या पोवळ्यांपेक्षां या पिलांवर पडतो, आणि तो कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं.

२००३ सालींच ऑस्ट्रेलियाच्या व क्वीन्सलँडच्या सरकारांनीं नदीच्या पाण्याची शुद्धता सुधारण्याची पहिली संयुक्त योजना जाहीर केली. घळींना कुंपण घालणें, त्यांचे कांठ उतरते करून गवत लावणें, गुरांना नदीपासून दूर पाणी देणें असलीं कामें तेव्हांपासून चालूं आहेत. तीं कामें संथ आहेत, आणि दरम्यान समुद्राची उष्णता हा अधिक मोठा शत्रु दारांत येऊन उभा राहिला आहे. १९९८ पासून २०२४ पर्यंत तिनें पोवळीं पांढरीं पडण्याचे प्रसंग पुनःपुन्हां आणले. गाळ उपसला म्हणजे रोग गेला असें म्हणतां येत नाहीं. पण तापानें खंगलेल्या रोग्याला उपासही घडवावा काय, हा प्रश्न उरतोच, आणि क्वीन्सलँडचे गुरांचे मालक व मच्छीमार त्यावर अजून भांडत आहेत.

गाभा काढून घेतल्यावर पोवळ्याला पडलेलें भोंक तसेंच ठेवीत नाहींत. कोरणारे किडे आंत शिरूं नयेत म्हणून पाणबुडे त्यांत सिमेंटचें बूच बसवितात. कांहीं वर्षांत पोवळें त्या बुचावरून आपला नवा चुना पसरवितें, आणि वरून पाहणाऱ्याला भोंक कोठें होतें तें सांगतां येत नाहीं.